थ्री नॉट थ्री: नावात .३०३, मग गोळी ७.९ मिलिमीटरची कशी?

वाचनवेडा

.३०३ ब्रिटिश काडतुसाबद्दल वाचतोय, पण आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. जाणकारांनी मदत करावी.

.३०३ इंच म्हणजे ७.७ मिलिमीटर. पण मापांच्या तक्त्यांत गोळीचा व्यास .३११ ते .३१२ इंच, म्हणजे ७.९ मिलिमीटर दिलेला असतो. मग नाव चुकलं की माप?

दुसरं, समोर एक रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) आहे. बुडावर इंग्रजी 'के एफ', '४२' आणि रोमन सात असं ठोकलेलं आहे. ४२ हे साल असावं. पण रायफलच्या चित्रांखाली 'मार्क ३' आणि 'नंबर ४ मार्क १' असं लिहिलेलं दिसतं. मार्क ३ च्या रायफलीत मार्क ७ ची गोळी कशी चालते? की मार्क ७ नावाची वेगळी रायफल होती?

तिसरं, दमदम बुलेट आणि .३०३ यांचा नेमका संबंध काय?

आणि शेवटचं, या पुंगळीच्या मानेवर उभी चीर आहे, साधारण ६-७ मिलिमीटर लांब. बार उडाला तेव्हा ती फाटली असेल का?

---

मापाडी

पहिला प्रश्न मी घेतो. तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या वस्तूंचे आहेत. .३०३ हे माप गोळीचं नाही, नळीचं आहे.

उसाच्या रानातली सरी-वरंबा पद्धत डोळ्यासमोर आणा. रायफलची नळी आधी .३०३ इंचाचं गुळगुळीत भोक पाडून तयार करतात. मग त्या भोकाच्या आतल्या भिंतीत पिळदार चर कोरतात. कोरलेला भाग म्हणजे सरी, न कोरता राहिलेला भाग म्हणजे वरंबा. .३०३ हे वरंब्यांच्या माथ्यावरून घेतलेलं माप, म्हणजे चर कोरण्याआधीच्या भोकाचं. एनफिल्डच्या (.३०३ च्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या) नळीत प्रत्येक सरी इंचाच्या पाच-सहा हजारांश भागाइतकी खोल असते. दोन्ही बाजूंची खोली धरली तर सरीच्या तळापासून घेतलेला व्यास .३१३ ते .३१५ च्या आसपास जातो.

गोळी वरंब्यापेक्षा जाड असावीच लागते. वरंबे तिच्या अंगात रुतले तरच ती पिळाबरोबर फिरेल. एनफिल्डचा पीळ डावीकडे जाणारा आहे, १० इंचांत एक पूर्ण वेढा. गोळी .३०३ चीच केली असती तर ती नळीतून सरळ घसरत गेली असती, आणि बाहेर पडल्यावर हवेत कोलांट्या खाल्ल्या असत्या.

आता बारीक नजरेनं पाहिलं तर .३१२ ची गोळी सरीच्या तळापर्यंतही पोचत नाही. मग वायू बाजूने निसटत नाही का? इथे मार्क ७ गोळीचं बूड कामाला येतं. ते सपाट असतं आणि तिथे शिसं उघडं असतं. मागून दाब आला की बूड किंचित फुगतं आणि सऱ्या भरून काढतं. म्हणून झिजलेल्या नळीतही ही गोळी बऱ्यापैकी सरळ जाते. होडीच्या बुडासारखी मागे निमुळती झालेली गोळी असं फुगत नाही, आणि कॉर्डाइटने (त्या काळच्या बिनधुराच्या दारूने) खाल्लेल्या जुन्या नळीत ती भरकटते. 'मापात बसते म्हणजे चालते' हा समज इथे खोटा ठरतो.

मोजणाऱ्यांसाठी एक इशारा. एनफिल्डला पाच सऱ्या असतात. पाच ही विषम संख्या, त्यामुळे सरीच्या बरोबर समोर वरंबा येतो. नळीत शिशाचा तुकडा ठोकून बाहेर काढला आणि त्यावर व्हर्नियर लावला, तर ना सरीचा व्यास मिळतो ना वरंब्याचा. मधलंच काहीतरी हाती लागतं आणि लोक त्यावर वाद घालत बसतात. फौजेतले आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, यासाठी गोल दांड्याचे प्लग गेज वापरत. .३०३ चा गेज नळीतून आरपार जायला हवा. त्याहून मोठे गेज किती आत जातात त्यावरून झीज ठरायची.

नावाचा दुसरा भाग म्हणजे 'नॉट'. हा नकारार्थी नॉट नव्हे. जुन्या ब्रिटिश बोलीत शून्याला 'नॉट' म्हणत. तीन-शून्य-तीन, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीचा दशांशबिंदू बोलण्यात गळून पडला आणि आपल्याकडे 'थ्री नॉट थ्री' हे रायफलचंच नाव होऊन बसलं. मुळात ते काडतुसाच्या मापाचं नाव आहे.

---

नोंदवही

मापाडी यांच्या उत्तरात भर घालण्यासारखं काही नाही. मी मार्कचा घोळ सोडवतो, कारण या काडतुसाचा सगळा इतिहास त्याच आकड्यात साठवलेला आहे.

आधी मूळ नियम. ब्रिटिश लष्करात प्रत्येक वस्तूची मार्कची गणती स्वतंत्र चालायची. रायफलचा मार्क ३ आणि काडतुसाचा मार्क ७ यांचा एकमेकांशी काहीही हिशेब नाही. तुमची पुंगळी म्हणजे .३०३ साध्या गोळीच्या काडतुसाची सातवी मंजूर आवृत्ती. ती मार्क ३ रायफलीत चालते, नंबर ४ मार्क १ मध्ये चालते, ब्रेन आणि लुईस मशीनगनमध्येही चालते. रायफलींना 'नंबर १', 'नंबर ४' असे क्रमांक १९२६ मध्ये आले. त्याआधी त्यांचीही नावं लांबलचक होती.

कागदोपत्री नाव भांडाराच्या खतावणीसारखं उलटं लिहीत. आधी नाम, मग स्वल्पविराम देत देत विशेषणं: 'काडतूस, एस.ए., बॉल, .३०३ इंच, मार्क ७'. एस.ए. म्हणजे स्मॉल आर्म. बॉल म्हणजे साधी भरीव गोळी. बंदुकीतून खरोखरच गोल गोळा जायचा त्या काळातला हा शब्द गोळी लांबट झाल्यावरही टिकला.

आता एकेक मार्क.

१८८० च्या दशकात ब्रिटनकडे मार्टिनी-हेन्री रायफल होती. तिचं काडतूस .५७७/४५० असं दुहेरी आकड्याचं: .५७७ ची पुंगळी, मान आवळून .४५० ची केलेली. त्यानंतर .४०२ ची एनफिल्ड-मार्टिनी मंजूर झाली होती, पण ती फौजेच्या हाती नीट पडण्याआधीच मागे घेतली गेली. कारण दरम्यान स्वित्झर्लंडच्या मेजर एडुआर्ड रुबिन यांनी शिशावर धातूचं वेष्टन चढवलेली बारीक, वेगवान गोळी दाखवून दिली होती. १८८८ च्या अखेरीस ब्रिटनने .३०३ ची 'मॅगझिन रायफल मार्क १' स्वीकारली. तीच पुढे ली-मेटफर्ड म्हणून ओळखली गेली. जेम्स पॅरिस ली यांचा बोल्ट आणि मॅगझिन, विल्यम मेटफर्ड यांच्या सऱ्या.

मार्क १ काडतूस १८८९ चं. गोळी २१५ ग्रेन वजनाची, म्हणजे जवळपास १४ ग्रॅम, बोथट गोल तोंडाची, वर तांबे-निकेलचं वेष्टन. आश्चर्य म्हणजे आत काळी दारूच होती! ७० ग्रेनच्या आसपास दारू दाबून तिची वडी करायची, टोपीची (बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या डबीची) ठिणगी सगळीकडे पोचावी म्हणून वडीच्या मधोमध भोक ठेवायचं. वेग सेकंदाला १८५० फूट. धुराविना जळणारी दारू अजून हाती आली नव्हती, म्हणून ही तडजोड.

१८९१ मध्ये कॉर्डाइट आलं. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी बनवलेलं हे मिश्रण: ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन, ५ टक्के व्हॅसलिनसारखी पेट्रोलियम जेली. शेवयांसारख्या लांब काड्या पाडायच्या, म्हणून 'कॉर्ड'वरून कॉर्डाइट. त्या काळच्या पुंगळ्यांच्या बुडावर रोमन आकड्याबरोबर 'सी' अक्षर दिसतं, ते कॉर्डाइटचं. तोच आकडा असलेलं पण काळ्या दारूचं काडतूस चुकून हाती येऊ नये म्हणून ही खूण.

पण कॉर्डाइटची आंच फार. मेटफर्डच्या सात सऱ्या उथळ आणि गोलसर होत्या. काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून त्या मुद्दाम तशा केलेल्या, आणि कॉर्डाइटने त्या भराभर खाऊन टाकल्या. म्हणून १८९५ पासून एनफिल्डच्या पाच खोल, चौकोनी धारेच्या सऱ्या आल्या. रायफलची यंत्रणा तीच राहिली, सऱ्या बदलल्या आणि आडनाव बदललं: ली-मेटफर्डची ली-एनफिल्ड झाली. दारूच्या रसायनामुळे रायफलचं नाव बदलल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मार्क २ हे १८९३ चं, तीच २१५ ग्रेनची गोळी. मार्क ३, ४ आणि ५ या १८९७ ते १८९९ मधल्या पोकळ तोंडाच्या गोळ्या, त्यांचा विषय दमदमबरोबर येईल. १९०४ चा मार्क ६ पुन्हा भरीव आणि बोथट, फक्त वेष्टन पातळ केलेलं.

मग १९१० चा मार्क ७, तुमच्या हातात आहे तो. गोळी १७४ ग्रेन, म्हणजे ११.३ ग्रॅम, टोकदार, वेग सेकंदाला २४४० फूट. वजन घटवून वेग वाढवल्यामुळे मार्ग खूपच सपाट झाला. अर्थात मार्क ६ साठी आखलेल्या मागच्या सायटीचे (नेम धरायच्या पट्टीचे) आकडे निरुपयोगी ठरले, आणि जुन्या रायफलींच्या सायटी बदलाव्या लागल्या.

ही गोळी उभी कापून पाहिली तर तिचं गुपित दिसतं. पुढच्या टोकाचा साधारण एक तृतीयांश भाग शिशाचा नसतोच. तिथे अॅल्युमिनियमचा हलका शंकू बसवलेला असतो, युद्धकाळात तर कागदाचा किंवा लाकडाचा लगदा दाबून भरलेला. शिसं सगळं मागे. बाहेरून वेष्टन अखंड, त्यामुळे पसरणाऱ्या गोळ्यांविरुद्धच्या १८९९ च्या हेग घोषणेचा भंग नाही. पण गुरुत्वमध्य मागे सरकल्यामुळे गोळी लक्ष्यावर आदळली की आत कलंडते. बोथट गोळी आरपार निघून जायची, ही तशी जात नाही.

पुढे नायट्रोसेल्युलोज दारू भरलेल्या काडतुसांना 'झेड' हे शेपूट लागलं. मार्क ७ झेड म्हणजे तीच गोळी, दारू वेगळी. १९३८ चा मार्क ८ झेड मात्र खास व्हिकर्स मशीनगनसाठी. १७५ ग्रेनची होडीबुडी गोळी, सेकंदाला २५५० फूट, पल्ला ४५०० यार्डांच्या घरात. दाब जास्त, आणि मापाडी यांनी सांगितलेली झिजलेल्या नळीची अडचण वेगळीच. म्हणून रायफलींना मार्क ७, व्हिकर्सला मार्क ८ झेड, अशी विभागणी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रोमन आकडे जाऊन साधे ७, ८ आले. तुमची पुंगळी रोमन आहे, म्हणजे ४२ हे साल त्याच्याशी जुळतं.

राहिलं 'के एफ'. हा आपल्या पुण्याच्या खडकीचा शिक्का: किर्की फॅक्टरी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि 'के एफ' शिक्क्याच्या पुंगळ्या जगभरच्या संग्राहकांच्या पेट्यांत सापडतात. बुडावरचं लिखाण वाचताना घड्याळासारखं फिरत जायचं: कारखाना, साल, मार्क. मार्कच्या आधी एखादं अक्षर असेल तर काडतूस साधं नाही: 'जी' असेल तर ट्रेसर (जाताना उजेडाची रेघ सोडणारं), 'डब्ल्यू' चिलखतभेदी, 'बी' आग लावणारं, 'एल' म्हणजे गोळी नसलेलं फुसकं, 'डी' म्हणजे कवायतीचं, 'क्यू' म्हणजे नळीची ताकद तपासण्यासाठीचं जादा दाबाचं. ब्रिटिश पद्धतीत टोपीभोवतीच्या खोबणीत रंगीत लाखही भरत: साध्या गोळीला जांभळी, ट्रेसरला लाल, चिलखतभेदीला हिरवी, आगीच्या गोळीला निळी, तपासणीच्या काडतुसाला पिवळी. भिंग घेऊन पाहा, जांभळ्याचा अंश अजून मिळेल.

---

गडदमदमा

दमदमबद्दल मराठीत फार गैरसमज आहेत. 'दमदम बुलेट म्हणजे विषारी गोळी' असंही छापलेलं वाचलंय. तसं काही नाही.

दमदम हे कलकत्त्याजवळचं गाव, आज विमानतळ आहे तेच. नाव 'दमदमा'वरून आलं: तोफा चढवण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा. मराठीत हा शब्द जुन्या लढायांच्या वर्णनांत सापडतो. तिथे इंग्रजांचं तोफखान्याचं ठाणं आणि पुढे दारूगोळ्याचा कारखाना होता. १८५७ च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची कुजबुज याच दमदमहून उठली. पण ती काडतुसं .५७७ च्या एनफिल्डची, दाताने फाडायची, कागदी. आपलं .३०३ त्यानंतर तीस वर्षांनी जन्मलं. गाव एकच आणि 'एनफिल्ड' हे नावही एकच, त्यामुळे लेखांमध्ये ही दोन काडतुसं सर्रास एक करून टाकतात.

.३०३ ची गोष्ट १८९५ च्या, वायव्य सरहद्दीवरच्या चित्रळ मोहिमेपासून. मार्क २ ची गोळी वेगवान, कडक वेष्टनाची, बोथट. ती माणसाच्या अंगातून सुईसारखी आरपार जायची आणि धावून येणारा माणूस थांबत नसे, अशा तक्रारी सरहद्दीवरून आल्या. मार्टिनीची .४५० ची मऊ शिशाची गोळी पाहिलेल्यांना हा फरक लगेच जाणवला. त्यावर दमदमच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी सोपा उपाय केला: वेष्टन टोकाला थोडं आखूड ठेवायचं, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर शिसं उघडं राहील. आदळल्यावर शिसं पसरतं आणि वेष्टन पाकळ्यांसारखं उलगडतं. हिचं अधिकृत नाव 'मार्क २ स्पेशल'. 'दमदम' हे लोकांनी दिलेलं नाव, आणि टिकलं तेच. १८९७-९८ च्या, त्याच सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली.

यातला दोष मात्र क्वचितच सांगितला जातो. मार्क २ च्या वेष्टनाचं बूड उघडंच होतं. आता टोकही उघडं झालं. म्हणजे वेष्टन ही दोन्हीकडून मोकळी नळकांडी झाली. दाब मागून शिशावर येतो. शिसं निसटून पुढे गेलं आणि वेष्टन नळीतच अडकून राहिलं, तर पुढची गोळी त्यावर आदळते आणि नळी फुगते किंवा फुटते.

ब्रिटनमध्ये याच विचाराने मार्क ३ आणि ४ आले. वेष्टन टोकापर्यंत, पण टोकात पोकळ भोक. मार्क ४ सुदानमध्ये १८९८ च्या ओमदुर्मानच्या लढाईत वापरली गेली. पण त्यातही शिसं वेष्टन सोडून जाण्याचे प्रकार झाले, विशेषतः नळी तापलेली असताना. मार्क ५ मध्ये शिशात अँटिमनी मिसळून ते कडक केलं. तोवर उशीर झाला होता. २९ जुलै १८९९ ला हेग परिषदेत 'शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या' गोळ्या युद्धात वापरू नयेत अशी घोषणा झाली. घोषणेच्या मजकुरात दमदमचं नाव नाही, पण कठीण वेष्टन गाभा पूर्ण झाकत नसेल किंवा त्यावर चिरा पाडलेल्या असतील अशा गोळ्या, हे वर्णन कोणावर आहे ते सगळ्यांना कळत होतं. ब्रिटनने तेव्हा सही केली नाही, १९०७ मध्ये मान्यता दिली. तरी बोअर युद्धात त्यांनी मार्क ४ बाजूला ठेवून मार्क २ वरच भिस्त ठेवली.

म्हणून मार्कच्या मालिकेत ३, ४, ५ हे आकडे आहेत पण त्यांच्या पुंगळ्या दुर्मिळ. आणि म्हणूनच मार्क ७ चं ते अॅल्युमिनियमचं टोक. पसरणारी गोळी बंद झाल्यावर, वेष्टन न उघडता तोच परिणाम साधायचा तो मार्ग होता. आजच्या पोकळ तोंडाच्या सगळ्या गोळ्यांना सरसकट दमदम म्हणणं चूक आहे. दमदम म्हणजे मार्क २ स्पेशल, .३०३, उघड्या शिशाचं टोक, बस.

---

पितळकाम

मानेवरची चीर हा माझा विषय.

ती बार उडताना फाटली असू शकते, पण तिचं मूळ कारण बहुधा आधीचं असतं. पितळेची चकती खेचत खेचत पुंगळी बनवतात. थंड पितळ असं ओढलं की कडक होतं आणि आत ताण साठून राहतो. मान आवळताना त्यात आणखी भर. अशा ताणलेल्या पितळेला ओलसर हवेत अमोनिया भेटला की कणांच्या सीमांवरून ती आपोआप उकलते. गोळी झाडायचीही गरज नाही, पेटीत ठेवल्या ठेवल्या मान चिरते.

या दोषाचं इंग्रजी नाव 'सीझन क्रॅकिंग', आणि त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांत ठेवली जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, वर पावसाळी दमट हवा, आणि ताण घेतलेलं पितळ. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडल्या की माना चिरलेल्या! मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये यामागचं कारण नीट मांडलं. उपाय दोन: काडतुसं तबेल्यापासून दूर ठेवणं, आणि मान-खांदा एवढाच भाग तापवून मऊ करणं, म्हणजे ताण निघून जातो. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ती या तापवण्याचीच. ती डाग म्हणून घासून काढू नका. बूड मात्र कधी तापवत नाहीत, ते कडकच हवं, नाहीतर दाबाने पसरून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) रुतून बसेल.

तुमची चीर बार उडेपर्यंतची की नंतरची, हे बऱ्याच अंशी कळू शकतं. चिरेच्या आतल्या कडा काळसर आणि बाहेर दोन्ही बाजूंना काजळीचा पट्टा असेल, तर बार उडाला तेव्हा ती उघडी होती. कडा स्वच्छ पितळी आणि काजळी अजिबात नसेल, तर ती नंतर पडलेली आहे.

मानेवरूनच आणखी एक मजेशीर गोष्ट. कॉर्डाइटच्या काड्या जवळपास पुंगळीइतक्या लांब, आणि जुन्या काडतुसात त्यांची सुमारे साठ काड्यांची जुडी. ती .३०३ च्या अरुंद मानेतून आत जाणार कशी? उत्तर असं की ती मानेतून जायचीच नाही. पुंगळी सरळ नळकांड्यासारखी असतानाच जुडी आत ठेवायची, वर जाड पुठ्ठ्याची गोल चकती बसवायची, आणि मग भरलेल्या पुंगळीची मान आवळायची. सगळ्यात शेवटी गोळी. त्यामुळे कॉर्डाइटची काडतुसं भरणं हे फक्त कारखान्याचंच काम होतं. तुमच्या पुंगळीतून टकटक करून पुठ्ठ्याचा करपलेला तुकडा पडला तर दचकू नका, ती चकती आहे.

---

वाचनवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंगाखाली जांभळा रंग दिसला, अगदी टोपीच्या कडेला! चिरेच्या दोन्ही बाजूंना काजळीही आहे, म्हणजे बार उडाला तेव्हा ती उघडी होती.

दोन शंका उरल्या. ७.७ नावाचं जपानी काडतूसही आहे, ते हेच का? आणि आपल्याकडे परवान्यावर .३१५ ची रायफल मिळते, .३०३ का नाही?

---

मापाडी

जपानचं उत्तर 'हो आणि नाही'. जपानी आरमाराने लुईस गन घेतली आणि तिच्याबरोबर .३०३ तसंच्या तसं घेतलं: ७.७×५६, कडवालं, म्हणजे बुडाची कड पुंगळीच्या अंगाबाहेर आलेलं. पायदळाच्या आरिसाका रायफलचं ७.७×५८ मात्र वेगळं, बिनकडेचं. गोळीची जाडी जवळजवळ सारखी, पण एकाच्या चेंबरमध्ये दुसरं बसत नाही. म्हणून नुसतं '७.७' म्हणून भागत नाही, पुंगळीची लांबी आणि कड सांगावी लागते.

कडेचा विषय निघालाच आहे तर: .३०३ ची कड .५४० इंच व्यासाची. काडतूस चेंबरमध्ये किती आत जाणार ते ही कड ठरवते, खांदा नाही. म्हणून चेंबर सैल ठेवता आलं, चिखल-धूळ खपली. त्याची किंमत मॅगझिनमध्ये मोजावी लागते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. मागे राहिली तर बोल्ट वरचं काडतूस ढकलतो, त्याची कड खालच्या कडेवर अडते आणि दोन्ही घट्ट होऊन बसतात. पाचाच्या चार्जरमध्ये (काडतुसं एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीत) कडा आलटून-पालटून लावलेल्या असतात त्या याचसाठी.

.३१५ चं कारण कायद्यात आहे. लष्कराचं काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये, हे इंग्रजांचं धोरण होतं. .३०३ निषिद्ध बोअरमध्ये (नागरिकांना बंदी असलेल्या मापांत) गेलं आणि शिकारी रायफलींसाठी ऑस्ट्रियाच्या जुन्या ८×५० मॅनलिकरचं काडतूस .३१५ या नावाने चालू राहिलं. नावातला घोळ तिथेही हाच: .३१५ इंच म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर, वरंब्यावरचं माप, आणि गोळी .३२३ ची. उलट .३०८ विंचेस्टरचा आकडा सरीच्या तळाचा, आणि जवळपास त्याच मापाच्या ७.६२ नाटो काडतुसाचा आकडा वरंब्याचा. गोळी दोन्हीकडे ७.८२ मिलिमीटरचीच.

---

नोंदवही

धोरणाचं आणखी एक उदाहरण: हिंदुस्थानी पोलिसांसाठी .३०३ चीच पुंगळी मान न आवळता सरळ ठेवून .४१० चं मस्केट काडतूस बनवलं होतं. बुडाकडून .३०३ सारखीच दिसते, मान मात्र नाही. अशी पुंगळी दिसली तर 'कापलेली .३०३' समजून टाकून देऊ नका.

आणि एक महत्त्वाचं. तुमची पुंगळी रिकामी आहे, टोपीवर ठोक्याची खूण असेल. पण जुन्या घरांत, ट्रंकांत कधी कधी भरलेलं काडतूस निघतं. गोळी जागेवर आणि टोपी गुळगुळीत असेल तर ते जिवंत समजायचं, कितीही जुनं असो. पुंगळीला आरपार भोकं किंवा उभे चर असतील तर ते कवायतीचं असण्याची शक्यता आहे, पण खात्री जाणकारानेच करायची. पकडीने गोळी ओढू नका, टोपी खरवडू नका, पितांबरीने घासत बसू नका. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. ते घेऊन फिरू नका. आहे तिथेच राहू द्या, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, ते येऊन घेऊन जातील. बुडावरचं लिखाण तेवढं लांबून फोटो काढून ठेवा.